नेत्रबिंदूंची मुदत

आमच्या अक्कांच्या उजव्या डोळ्यातून सतत पाणी वाहू लागले, तेव्हा आम्ही सर्वांनीच तो वयाचा दोष मानला. पुढे डोळ्याचा नाकाकडील कोपरा सुजला व दाबताच पू येऊ लागला, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. आजीच्या पिढीतील स्त्रिया ज्याला ‘लासरू’ म्हणत, तोच हा विकार.

डोळ्यातील अश्रू पापण्यांच्या कडेवरील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत व तेथून नलिकेवाटे नाकात उतरतात. ही नलिका बुजली की पाणी साचते, कुजते. उतारवयातील स्त्रियांत हे अधिक आढळते. यावरील शस्त्रक्रियेत अश्रुपिशवी व नाक यांमधील हाडात खिडकी करून अश्रूंना नवी वाट देतात. इटलीतील टोटी या वैद्याने १९०४ साली ही रीत मांडली. आपल्या हैदराबादेत मेहदीपट्टणमचे सरकारी सरोजिनीदेवी नेत्ररुग्णालय आहे, आणि १९८७ साली सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रुमार्गाच्या विकारांसाठी स्वतंत्र विभागही आहे. शस्त्रक्रियेची धास्ती घेण्याचे आता कारण उरलेले नाही. खरी परीक्षा असते ती घरी परतल्यानंतर, औषधांच्या बाबतीत.

वेदनेसाठी सामान्यतः पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढण्याचा संभव असल्याने ती आपल्या मनाने घेऊ नयेत. मात्र हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंदही करू नये; शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही डॉक्टरांना विचारावे. प्रतिजैविक गोळ्या प्रत्येकास लागतातच असे नाही. दिल्या असल्यास सांगितलेले दिवस पुरे करावेत. चोंदलेले नाक मोकळे करणारा फवारा थोडेच दिवस वापरावा. लांबवल्यास नाक उलट अधिक चोंदते. साध्या मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याला ही भीती नाही. नाक मात्र डॉक्टर सांगेपर्यंत शिंकरू नये. डोळ्यात थेंब घालताच घशात कडू चव उतरली, तर घाबरू नये; नवी वाट मोकळी असल्याचीच ती खूण असते.

आता त्या थेंबांविषयी. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत बहुधा प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड असते. सूज उतरवण्यास ते उपकारक ठरते. परंतु दीर्घकाळ घातल्यास काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो, आणि तो वाढताना दुखत नाही, लालीही येत नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर वाढू शकतो.

अक्कांच्या बाबतीत नेमके हेच होऊ पाहत होते. डोळा सुधारला, मुदत संपली. पण कुपी त्यांनी जपून ठेवली. डोळा जरा चुरचुरला की दोन थेंब! कुपी रिती झाली तेव्हा जवळच्या एका दुकानातून चिठ्ठीवाचून दुसरी आली. वस्तुतः असे औषध चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. आणून देणारा मीच होतो. पुढील तपासणीत दाब वाढलेला निघाला. थेंब बंद झाले व काही आठवड्यांत दाब उतरला. वेळीच कळले म्हणून निभावले, एवढेच.

म्हणून वाचकांस विनंती आहे की, घरी येताच प्रत्येक कुपीवर ती उघडल्याची व बंद करण्याची तारीख लिहावी. उघडलेली कुपी महिन्यानंतर टाकून द्यावी. दोन निरनिराळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. नाकातून रक्त थांबेनासे झाले, सूज वा ताप वाढला किंवा दृष्टी मंदावली, तर घरातील कपाट न धुंडाळता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषध वेळेवर घेण्याची शिस्त आपण मुलांना लावतो. ते वेळेवर थांबवण्याची शिस्त मात्र आपण वडीलधाऱ्यांनीच अजून शिकायची आहे.