क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे : ख्रिस्ती विचार, चित्रपट आणि दैनंदिन जीवन

प्रास्ताविक

‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही म्हण मराठी घराघरांत भांडण मिटविताना उच्चारली जाते. तीत समंजसपणा आहे. परंतु काय झाले, कोणी केले आणि त्याची झळ कोणास बसली, हे प्रश्न तीत न विचारताच सोडून दिलेले असतात. क्षमेचा अर्थही पुष्कळदा असाच, म्हणजे विसरून जाणे, असा घेतला जातो. ख्रिस्ती धर्मविचारातील क्षमेची संकल्पना याहून वेगळी व अधिक कठीण आहे. प्रस्तुत लेखात ती स्पष्ट करून चित्रपटांच्या आधारे तिचे दैनंदिन जीवनाशी असलेले नाते तपासले आहे.

ऋणाची परिभाषा

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तय व लूक या शुभवर्तमानांत आढळते. मत्तयाच्या पाठात अपराधासाठी ‘ऋण’ या अर्थाचा शब्द असून मराठी बायबलनेही तोच स्वीकारला आहे. महाराष्ट्रात या शब्दाला दुहेरी पार्श्वभूमी आहे. एकीकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडावयाचीच ऋणे. दुसरीकडे सावकाराचे कर्ज. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. तेथे ऋणकोने स्वतःची सुटका करून घेतली. क्षमेत मात्र कर्जखत फाडतो तो धनको. कर्ज खरे होते हे मान्य केल्यावाचून ते सोडता येत नाही, आणि सोडल्यानंतरचा तोटा सोडणाऱ्यालाच सोसावा लागतो. म्हणजेच क्षमा अपराध नाकारत नाही; ती त्याची नोंद घेते आणि सूडाच्या रूपाने वसुली करण्याचा हक्क सोडून देते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात दहा हजार तालांतांचे ऋण माफ झालेला सेवक शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. आपणही कोणाचे तरी ऋणको आहोत, ही जाणीव क्षमेचा पाया आहे, असे हा दृष्टान्त सुचवितो. तथापि डीट्रिश बोनहॉफर या जर्मन धर्मचिंतकाने 1937 साली ‘स्वस्त कृपे’विरुद्ध इशारा दिला. पश्चात्तापाची अपेक्षाच न ठेवणारी क्षमा पाप्याऐवजी पापाचेच समर्थन करते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

पडद्यावरील क्षमा

टिम रॉबिन्स दिग्दर्शित ‘डेड मॅन वॉकिंग’ (1995) हा चित्रपट सिस्टर हेलन प्रीजन या अमेरिकन धर्मभगिनीच्या 1993 सालच्या पुस्तकावर आधारित आहे. देहदंड झालेल्या कैद्याला ती आध्यात्मिक सोबत करते. परंतु बळी पडलेल्या मुलाचा पिता तिला जाब विचारतो : आपल्याकडे ती का आली नाही? या प्रश्नाने चित्रपटाला नैतिक वजन प्राप्त होते. कैदी अखेरपर्यंत स्वतःचा दोष टाळतो. मृत्यूपूर्वी मात्र तो कबूल करतो आणि त्या पित्याची क्षमा मागतो. देहदंडाच्या दृश्यातच गुन्ह्याची दृश्ये गुंफून दिग्दर्शकाने प्रेक्षकाला विस्मरणाची मुभा नाकारली आहे. शेवटी तो पिता चर्चमध्ये हेलनसमवेत प्रार्थना करताना दिसतो. त्याने क्षमा केली, असे चित्रपट म्हणत नाही. तो तिकडे वळला आहे, एवढेच दाखवितो. दुसरे पालक क्षमा करीत नाहीत आणि चित्रपट त्यांना दोषही देत नाही.

भारतीय उदाहरण अधिक बोलके आहे. केरळमध्ये जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात आदिवासी व भूमिहीनांना सावकारी पाशातून सोडविण्याचे कार्य करीत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यास जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. 2006 साली तो मुक्त झाला. या घटनाक्रमावर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ (2013) हा माहितीपट आणि राणी मारियांच्या जीवनावर ‘द फेस ऑफ द फेसलेस’ (2023) हा हिंदी चित्रपट निघाला.

येथे संस्कृतीचा मुद्दा पुढे येतो. ख्रिस्ती श्रद्धेतून आलेल्या क्षमेने व्यक्त होण्यासाठी राखीचा धागा निवडला. बहीण गमावलेल्या स्त्रीने मारेकऱ्यालाच भाऊ मानले, याचा अर्थ भारतीय मनाला कोणत्याही भाष्याविना उमगतो. क्षमा धर्मग्रंथातून येत असली, तरी ती बोलते लोकांच्या रूढ भाषेत.

दैनंदिन जीवनातील मर्यादा

भाऊबंदकी, वर्षानुवर्षांचा अबोला, सहकाऱ्याविषयी मनात धरलेली अढी ही शंभर दीनारांची ऋणे होत. ती सोडताना ‘काही झालेच नाही’ असे म्हणण्याचे कारण नाही. ‘झाले, लागले, परंतु आता उगवून घ्यावयाचे नाही’ असे म्हणता येते. मात्र कर्ज माफ करण्याचा अधिकार धनकोचाच असतो. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला ‘घर मोडू नये’ म्हणून क्षमा करावयास लावणारे नातेवाईक किंवा धर्मगुरू दुसऱ्याच्या वहीतील कर्ज माफ करीत असतात. तसेच क्षमेने कायद्याची प्रक्रिया थांबत नाही. राखी बांधली गेली ती शिक्षा भोगणाऱ्या हातावर.

निष्कर्ष

विस्मरणाला सत्याची गरज नसते, क्षमेला असते. ‘डेड मॅन वॉकिंग’सारखे चित्रपट हा भेद अनुभवास आणून देतात. अपराध डोळ्यांसमोर ठेवूनही अपराध्याकडे माणूस म्हणून पाहणे शक्य आहे काय, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणाकडूनही सक्तीने घेता येत नाही. यातच क्षमेचे मोल आहे.