गाळे वेगळे, इमारत एक : आभासी यंत्रणेत भाडेकरूंची वाट आणि देखभाल

विदर्भातल्या महागावच्या एखाद्या सेवा केंद्रात शेतकरी सातबारा मागतो. केंद्रचालक गट क्रमांक टाकतो, १५ रुपये शुल्क भरतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा छापून हातात देतो. १ मे २०१८ रोजी राज्यात ही सोय सुरू झाली. उतारा ज्या संगणकावरून येतो तो मात्र त्या केंद्रात नसतो, तहसील कार्यालयातही नसतो. अशा कामांचे संगणक दूरच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे संगणकांसाठीच बांधलेल्या थंड आणि बंदोबस्तातल्या इमारतीत असतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं असं एक मोठं केंद्र पुण्यात आहे. सरकारी खात्यांना एकत्र यंत्रणा वापरता यावी म्हणून केंद्र सरकारनं २०१४ मध्ये ‘मेघराज’ हा उपक्रमही सुरू केला.

तिथे एकाच यंत्रावर अनेक खात्यांची कामं शेजारीशेजारी चालतात, तरी एकाची माहिती दुसऱ्याला दिसत नाही. हे कसं जमतं आणि ते टिकवायला काय करावं लागतं, ते आपण क्रमानं पाहू.

उदाहरण लहान घेऊ. समजा, महागाव तालुक्यातली एक पतसंस्था, एक महाविद्यालय आणि एक जिनिंग कारखाना यांनी मिळून तीन सर्व्हर घेतले आणि ते सांभाळायचं काम आपल्याकडे आलं. त्यावर आपण ‘ओपनस्टॅक’ बसवलं आहे. नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी २०१० मध्ये सुरू केलेली, अशी सामाईक यंत्रणा चालवणारी ही खुली, विनामूल्य प्रणाली आहे. दुसऱ्या प्रणालीत नावं बदलतील, कामाची रीत जवळपास हीच राहील.

आधी इमारत समजून घेऊ

तालुक्याच्या गावी व्यापारी संकुल असतं. इमारत एक, गाळे अनेक. प्रत्येक गाळ्याला स्वतःचं शटर, स्वतःचं कुलूप, स्वतःचं वीजमीटर. जिना आणि पाण्याची टाकी सगळ्यांची.

आपला सर्व्हर ही ती इमारत. त्यावर हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम चालतो. तो एका खऱ्या यंत्राची प्रोसेसरशक्ती आणि मेमरी वाटून अनेक ‘आभासी यंत्रं’ उभी करतो. आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, वापरणाऱ्याला अगदी वेगळा संगणक वाटतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली जाहीर केली होती. आज लिनक्स या कार्यप्रणालीत हे काम केव्हीएम करतं. ते २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

गाळा घेणारा तो भाडेकरू, म्हणजे टेनंट. आपल्याकडे तीन भाडेकरू आहेत.

पायरी १ : भाडेकरूची नोंद आणि मर्यादा

प्रत्येक भाडेकरूसाठी वेगळा ‘प्रोजेक्ट’ उघडावा आणि त्याच्या माणसांना त्याच प्रोजेक्टमध्ये प्रवेश द्यावा. पतसंस्थेच्या माणसाला महाविद्यालयाचा प्रोजेक्ट यादीतसुद्धा दिसता कामा नये.

लगेच कोटा ठरवावा : किती यंत्रं, किती मेमरी, किती साठवण. कोटा ठरवला नाही, तर प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालय दहा यंत्रं उभी करतं आणि पतसंस्थेला मार्चअखेरीला जागा उरत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘तात्पुरतं’ म्हणून एखाद्याला व्यवस्थापकाचा अधिकार देणं. तो अधिकार काढायचा राहून जातो. ज्याला एक गाळा उघडायचा आहे, त्याला संकुलाची किल्ली देऊ नये.

पायरी २ : भाडेकरूचं स्वतःचं नेटवर्क

आता प्रत्येकासाठी वेगळं खाजगी नेटवर्क तयार करायचं. तारा त्याच असतात, पण माहितीच्या प्रत्येक पाकिटावर भाडेकरूचा क्रमांक चिकटवला जातो, म्हणून पाकिटं एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या व्हीलॅन पद्धतीत असे ४,०९४ क्रमांक वापरता येतात. मोठ्या डेटा सेंटरला ते अपुरे पडले, म्हणून व्हीएक्सलॅन ही पद्धत आली. तिच्यात सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक बसतात.

नेटवर्क झालं की पत्त्यांचा पट्टा, म्हणजे सबनेट, द्यावा. खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. १०.२०.१.० पासून २५६ पत्त्यांचा पट्टा घेतला, तर पहिला आणि शेवटचा सोडून २५४ पत्ते वापरता येतात. त्यातला एक दारासाठी, म्हणजे गेटवेसाठी जातो.

इथे दोन चुका फार होतात. पहिली पत्त्याची. महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या वायफायवर १९२.१६८.१ चा पट्टा आधीच असतो आणि आपण सर्व्हरवरही तोच देतो. मग कार्यालयातून व्हीपीएननं, म्हणजे सुरक्षित बोगद्यानं, जोडणी केली की संगणकाला वाटतं, हा पत्ता तर इथलाच. पाकीट बाहेर निघतच नाही. म्हणून भाडेकरूच्या कार्यालयात कोणते पत्ते चालू आहेत ते आधी विचारावं आणि मगच पट्टा द्यावा.

दुसरी चूक पाकिटाच्या मापाची. साधारण नेटवर्कवर एक पाकीट जास्तीत जास्त १,५०० बाइटचं असतं. व्हीएक्सलॅनचं वेष्टन ५० बाइट घेतं. म्हणून आतल्या यंत्राचं माप १,४५० ठेवावं, नाहीतर खालच्या सगळ्या स्विचांचं, म्हणजे सर्व्हर जोडणाऱ्या पेट्यांचं, माप वाढवून घ्यावं. ते राहिलं तर फसवं दुखणं सुरू होतं : पिंग (पोहोच तपासणारं छोटं पाकीट) जातो, लॉगिन होतं, पण मोठी फाइल उघडली की सगळं गोठतं. लहान चालतं आणि मोठं अडकतं, असं दिसलं की आधी हे माप बघावं.

पायरी ३ : बाहेरची वाट

आतलं नेटवर्क अजून बंद खोलीसारखं आहे. त्याला आभासी राउटर जोडला की आतल्या यंत्रांना बाहेर जाता येतं. सुरक्षेचे सुधार, म्हणजे अपडेट, उतरवण्यासाठी एवढं पुरेसं असतं.

बाहेरून आत यायचं असेल, तरच त्या यंत्राला ‘फ्लोटिंग आयपी’ द्यावा. हा बाहेरचा पत्ता गाळ्यावरच्या पाटीसारखा असतो. आज या यंत्रावर, उद्या काढून दुसऱ्यावर लावता येतो. महाविद्यालयाच्या निकालाच्या संकेतस्थळाला पाटी हवी. त्यामागच्या डेटाबेसला ती कधीच लागत नाही. दोन्हींना पाटी लावणं ही घाईत होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

पायरी ४ : कोणतं दार, कोणासाठी

प्रत्येक यंत्राला अनेक दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात आणि ती क्रमांकानं ओळखली जातात. सुरक्षित संकेतस्थळ ४४३ वर, लिनक्स सांभाळायचं दार २२ वर, विंडोजचं ३३८९ वर, मायएसक्यूएल डेटाबेस ३३०६ वर. कोणतं दार कोणाला उघडं, याची यादी म्हणजे ‘सिक्युरिटी ग्रुप’, सोप्या शब्दांत सुरक्षा गट.

ओपनस्टॅकची मूळ वृत्ती चांगली आहे : आतून बाहेर जायला मुभा, बाहेरून आत यायला बंदी. आपण एकेक दार मोजून उघडायचं. ४४३ सगळ्यांसाठी, २२ फक्त आपल्या कार्यालयाच्या पत्त्यासाठी, ३३०६ फक्त आतल्या संकेतस्थळाच्या यंत्रासाठी.

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. काही चालेना म्हणून माणूस वैतागून सगळी दारं सगळ्या जगाला उघडतो, काम होतं आणि नियम तसाच राहतो. जगभर अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना महागाव आणि मुंबई सारखीच. २२ आणि ३३८९ जगाला उघडे ठेवू नयेत. लिनक्सवर पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरावी.

पायरी ५ : चालत नसेल तर आतून बाहेर तपासावं

‘साइट उघडत नाही’ असा फोन आला की क्रम सोडू नये. यंत्र चालू आहे का? त्याला पत्ता मिळाला का? ते आपल्या गेटवेला पोहोचतं का? बाहेर जातं का? यंत्राच्या आत तो प्रोग्रॅम त्या दारावर ऐकतो आहे का? सुरक्षा गटात दार उघडं आहे का? यंत्राची स्वतःची फायरवॉल आड येते का? शेवटी नावाचा पत्ता, म्हणजे डीएनएस, बरोबर आहे का?

एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि उरलेले तीन बदल पुढे त्रास देतात.

पायरी ६ : बदलाची फेरफार नोंद

महसुलाची एक शिस्त आपल्याला ठाऊक आहे. जमीन विकली म्हणून सातबारा लगेच बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग नाव बदलतं. पन्नास वर्षांनीही कोणाचं नाव कशामुळे लागलं ते सापडतं.

नेटवर्कलाही हीच वही हवी. तारीख, कोणी मागितलं, कोणतं दार, कोणासाठी, कशासाठी, किती दिवसांसाठी, कोणी मान्य केलं. साधी वही चालेल. दर तीन महिन्यांनी वही आणि प्रत्यक्ष नियम ताडून पाहावेत. वहीत नसलेलं दार उघडं दिसलं, तर आधी चौकशी करावी आणि कारण मिळालं नाही, तर ते बंद करावं.

आता देखभाल : जागा राखून ठेवणं

समजा, तीन सर्व्हरना प्रत्येकी १२८ जीबी मेमरी आहे. एकूण ३८४. पण एक बंद पडला तर उरते २५६, त्यातही थोडी सर्व्हरला स्वतःला लागते. म्हणून भाडेकरूंना २५६ पेक्षा कमीच वाटावी. तिसरा सर्व्हर रिकामा पडला आहे असं वाटून जो ती जागाही वाटून टाकतो, त्याला दुरुस्तीसाठी एकही सर्व्हर कधी रिकामा करता येत नाही.

सर्व्हर तीन का, दोन का नाहीत? दोघांमधली तार तुटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला आणि दोघेही तीच माहिती लिहू पाहतात. तिघांत दोघांचं बहुमत ठरतं, एकटा पडलेला थांबतो.

चालती यंत्रं हलवणं

सुधार बसवायचे असतील, तर आधी त्या सर्व्हरवर नवी यंत्रं येणं थांबवावं. मग चालती यंत्रं दुसरीकडे हलवावीत. याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. यंत्र चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे नकलली जाते, दरम्यान बदललेले भाग पुन्हा नकलले जातात आणि शेवटी क्षणभर थांबून यंत्र पलीकडे सुरू होतं. सर्व्हर रिकामा झाला की सुधार बसवावेत, तो पुन्हा सुरू करून तपासावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

घाई इथेच नडते. ‘सेफ’ नावाच्या साठवण प्रणालीत माहितीच्या साधारणपणे तीन प्रती तीन सर्व्हरवर असतात. पहिला परत आल्यावर त्याची प्रत अद्ययावत व्हायला वेळ लागतो. तोवर दुसरा बंद केला, तर काम थांबतं. पडद्यावर सगळं ठीक दिसेपर्यंत थांबावं.

तीन प्रतींमुळे ३० टीबीच्या डिस्कमध्ये माहिती मावते १० टीबी. हीच साठवण ८५ टक्के भरली की इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लिहिणं थांबवते. इशारा आला की त्याच आठवड्यात डिस्कची सोय करावी.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

स्नॅपशॉट हा यंत्राचा त्या क्षणीचा फोटो असतो. सुधार बसवण्यापूर्वी तो काढावा, काम नीट झालं की पुसावा. बहुतेकदा तो त्याच साठवणीत राहतो. साठवण गेली की दोन्ही जातात. खऱ्या बॅकअपसाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवावी. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक यंत्र प्रत्यक्ष उभं करून पाहावं. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

वीज आणि ऊन

विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार केल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी शिफारस आहे. बाहेर पारा ४३ वर असताना एसी बंद पडला, तर खोली झपाट्यानं तापते. तापमानाचा इशारा मोबाइलवर येईल अशी सोय करावी.

यूपीएसचा वेळ काम चालू ठेवण्यासाठी कमी आणि शिस्तीत बंद करण्यासाठी जास्त उपयोगी असतो. आधी भाडेकरूंची यंत्रं, मग साठवण, मग सर्व्हर, शेवटी स्विच. सुरू करताना नेमका उलटा क्रम. हा क्रम छापून सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लावावा, कारण वीज जाईल तेव्हा आपण तिथे असूच असं नाही.

भाडेकरूनं आपली माहिती आपल्या भरवशावर ठेवलेली असते. पतसंस्थेत ठेव ठेवणारी आजी हायपरवायझर हा शब्द कधी ऐकणार नाही, पण तिची पै न् पै आपण उघडलेल्या किंवा उघडं सोडलेल्या दारामागे असते. म्हणून एवढंच सांगणं : आजच एक वही घ्या, पहिल्या पानावर आत्ता उघडी असलेली सगळी दारं लिहा आणि ज्या दाराचं कारण लिहिता येत नाही, ते बंद करा.