सतरावा पाहुणा

सोळा माणसं आणि एक कुत्रा. सोळा माणसं कुठंही मावतात; अडतं ते सतराव्यापाशी. 30 डिसेंबर 2024 ची वेळ अमावस्या सगळ्या कुटुंबानं मिळून शेतावर करायची ठरली, तेव्हा पुण्यात बसून मी सात ठिकाणी फोन केले. खोल्या होत्या, हुरडा होता, बैलगाडीची फेरीसुद्धा होती. 'आमच्याबरोबर मोती आहे' म्हटलं की पलीकडचा आवाज पडायचा. धाकट्या बहिणीनं तर सांगूनच टाकलं होतं, मोती नसेल तर मीही नाही. मेहुणे गेल्यापासून तिच्या घरात तिची वाट पाहणारं तेवढं एकच आहे.

शेवटी वाशी आठवलं. नव्या मुंबईतलं नव्हे, धाराशिव जिल्ह्यातलं. बँकेत असताना पीककर्जाच्या फायली घेऊन मी त्या भागात हिंडलेलो. ओळखीच्या ओळखीतून एक शेतकरी मिळाला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर त्या घरानं माळवदाचा जड वाडा सोडून शेतात स्लॅबच्या सहा खोल्या बांधल्या. पुढे मुलं शहरात गेली, खोल्या रिकाम्या पडल्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. तेव्हापासून अशा रिकाम्या खोल्यांना जरा बरे दिवस आले आहेत.

मी कुत्र्याचं भीत भीत विचारलं.

"हाय तर हाय की, सायेब. आमच्याकडं बी दोन हायत. फकस्त रातचं त्याला घरात घ्या. बिबट्या फिरायलाय."

त्याच महिन्यात येडशीच्या रामलिंग अभयारण्यात चक्क वाघ कॅमेऱ्यात दिसला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे पाचशे किलोमीटर चालत आलेला! आमच्या घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली. बिबट्याचं मी तीनदा विचारलं, शेळ्यांचं एकदाही नाही. जन्मभर कर्जदाराला 'जनावरं किती, कोणती' विचारणारा माणूस मी!

येळवस मात्र झकास झाली. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बाजरीचे उंडे, भज्जी, माठातली गार आंबील. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवायचं, अशी इथली रीत. यजमानांची दोन कुत्री गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून ज्वारीच्या कडेला पडली होती. मोतीचा पट्टा तलम, निळा, वाढदिवसाला घेतलेला. भाचीनं तो 'जरा मोकळं फिरू दे' म्हणून सोडला.

मोतीनं जन्मात शेळी पाहिली नव्हती. खेळायलाच धावला असेल; पण शेळीला ते कुठं कळतं? कळप उधळला. एक काळी उस्मानाबादी शेळी बांधावरून कोसळली. गाभण होती. दिवेलागणीला ती गाभडली. दोन करडं. यजमानीणबाई तिच्या मानेवर हात ठेवून गोठ्यात बसून राहिल्या, आणि आम्ही सोळा जण अंगणात, एकमेकांकडे न बघता.

कुत्र्यासह घर घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की 'कुत्रा चालतो का' हा प्रश्न अर्धाच आहे. गोठा घरापासून किती दूर, शेळ्या-कोंबड्या मोकळ्या असतात का, कुंपण आहे का, घरची कुत्री परक्याला कशी घेतात, हे भाड्याच्या आधी विचारावं. आणि यजमान कितीही मोकळ्या मनाचा असला तरी साखळी आपल्याच हातात ठेवावी.

सकाळी हिशेबाला बसलो. "येळवशीचं भाडं घ्यायचं नसतंय," यजमान म्हणाले. "दोन दिसांचं द्या. शेळीचं येगळं." दोन करडं सहा महिन्यांनी बाजारात काय आणतील, त्यातून चाऱ्याचा खर्च वजा जाता किती, हे त्यांनी बोटांवर मोजलं. रक्कम वाजवी होती. आमच्या शाखेतल्या कुणालाही त्यात खोट काढता आली नसती. मी पाकीट काढलं, तर बहिणीनं माझा हात धरला आणि स्वतःच्या पर्समधून नोटा मोजल्या. यजमानांनी त्या पुन्हा मोजून घेतल्या. मला ते आवडलं.

निघताना बाईंनी आंबिलीची चरवी गाडीत नीट टेकवून ठेवली, वाटेत सांडू नये म्हणून कडेला कापड खोचलं. शेजारी सीटवर मोती बसला होता, शेपटी हलवत. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.