क्रिस्टा लुडिंग-रोथेनबर्गर

क्रिस्टा लुडिंग-रोथेनबर्गर (जन्म: ४ डिसेंबर १९५९, वाइसवासर, पूर्व जर्मनी) या स्पीड स्केटिंग आणि ट्रॅक सायकलिंग या दोन्ही खेळांत ऑलिंपिक पदके मिळविणाऱ्या जर्मन खेळाडू आहेत. १९८८ मध्ये त्यांनी फेब्रुवारीत कॅल्गरी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये आणि सप्टेंबरात सोल येथील उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदके जिंकली. एकाच वर्षी हिवाळी व उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणाऱ्या त्या एकमेव खेळाडू आहेत. स्पर्धांच्या बदललेल्या वेळापत्रकामुळे या कामगिरीची पुनरावृत्ती आता संभवत नाही.

आरंभीची कारकीर्द

रोथेनबर्गर हे त्यांचे माहेरचे आडनाव. त्यांनी ड्रेस्डेन शहरात प्रशिक्षक अर्न्स्ट लुडिंग यांच्या मार्गदर्शनाखाली स्पीड स्केटिंगचा सराव केला. या खेळात ४०० मीटर परिघाच्या बर्फाच्या धावपट्टीवर दोन खेळाडू एकाच वेळी धावतात. मात्र त्यांची खरी स्पर्धा घड्याळाशी असते. रोथेनबर्गर यांचे प्रभुत्व ५०० आणि १००० मीटर या लहान अंतरांवर होते. १९८४ मध्ये सारायेव्हो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५०० मीटर अंतर ४१.०२ सेकंदांत पार करून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी त्या लहान अंतरांच्या शर्यतींच्या विश्वविजेत्या झाल्या.

सायकलिंगकडे वळण

१९८० मध्ये लुडिंग यांनी त्यांना स्केटिंगच्या जोडीला सायकलिंगचाही सराव करण्याचे सुचविले. रोथेनबर्गर यांनी ही सूचना लगेच स्वीकारली नाही. त्या काही काळाने तयार झाल्या. पूर्व जर्मनीत खेळाडूंचे प्रशिक्षण आणि स्पर्धांतील सहभाग शासनाच्या नियंत्रणाखाली असे. बर्फावर यश मिळवीत असलेल्या या खेळाडूस सायकल शर्यतींत उतरण्याची परवानगी देण्यास तेथील क्रीडा संघटनेने प्रथम नकार दिला. लुडिंग यांनी आपला आग्रह सोडला नाही आणि अखेर परवानगी मिळाली. १९८६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झालेल्या विश्वविजेतेपद स्पर्धेत त्यांनी स्प्रिंट प्रकारात सुवर्णपदक जिंकले. हिवाळ्यात बर्फावर आणि उन्हाळ्यात सायकलच्या धावपट्टीवर असा त्यांचा दुहेरी क्रम पुढेही चालू राहिला.

दोन खेळांतील साम्य व भेद

दोन्ही खेळांत मांड्या आणि नितंब यांच्या स्नायूंवर मुख्य भार पडतो. हवेचा विरोध कमी करण्यासाठी कंबरेत वाकून, पाठ जवळजवळ आडवी ठेवावी लागते. दोन्हींत धावपट्टीवरून डावीकडे वळत जावे लागते आणि थोड्या सेकंदांत सारी शक्ती एकवटावी लागते. त्यामुळे बर्फ नसलेल्या महिन्यांत स्केटिंगपटूंनी सायकल चालविण्याची प्रथा जुनी आहे.

मात्र स्नायूंची ही तयारी सायकलच्या शर्यतीत पुरेशी ठरत नाही. ट्रॅक सायकलला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतात. चाक फिरत असेपर्यंत पायडलही फिरतच राहते. वेलोड्रोमच्या वळणांना तीव्र उतार दिलेला असतो. स्प्रिंट प्रकारात दोन सायकलस्वार समोरासमोर असतात आणि जो आधी अंतिम रेषा ओलांडतो तो जिंकतो. पुढे असलेल्या स्वाराच्या आडोशाने मागच्यास हवेचा विरोध कमी जाणवतो. म्हणून आरंभी दोघेही संथ गतीने जातात, कधी सायकल जागच्या जागी तोलून धरतात आणि योग्य क्षण येताच वेग घेतात. घड्याळाविरुद्ध धावण्याची सवय असलेल्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखण्याची ही कला नव्याने आत्मसात करावी लागते.

१९८८ : कॅल्गरी ते सोल

कॅल्गरी येथे ५०० मीटर शर्यतीत रोथेनबर्गर यांनी ३९.१२ सेकंदांचा नवा विश्वविक्रम नोंदविला. पण थोड्याच वेळात अमेरिकेच्या बॉनी ब्लेअर यांनी ३९.१० सेकंदांची वेळ देऊन तो मोडला. सेकंदाच्या दोन शतांश भागाने सुवर्णपदक हुकले. त्यानंतर १००० मीटर शर्यतीत रोथेनबर्गर यांनी १ मिनिट १७.६५ सेकंद या विश्वविक्रमी वेळेसह सुवर्णपदक मिळविले. या शर्यतीत त्यांच्याच देशाच्या कारिन कानिया अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहिल्या.

या स्पर्धेनंतर रोथेनबर्गर यांचा आपल्या प्रशिक्षकांशी विवाह झाला. सोल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ट्रॅक सायकलिंगची स्पर्धा प्रथमच घेण्यात आली आणि तीत स्प्रिंट हा एकच प्रकार होता. सोव्हिएत संघाकडून खेळणाऱ्या एस्टोनियाच्या एरिका सालुमाए यांनी सुवर्ण, लुडिंग यांनी रौप्य आणि अमेरिकेच्या कॉनी पारास्केविन-यंग यांनी कांस्यपदक मिळविले. पारास्केविन-यंग यांनीही पूर्वी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगमध्ये आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले होते. म्हणजे स्त्रियांच्या या पहिल्या ऑलिंपिक स्प्रिंटमधील तीन पदकविजेत्यांपैकी दोघी बर्फावरून सायकलकडे आलेल्या होत्या.

जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये आल्बेरव्हिल येथे लुडिंग यांनी ५०० मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकले. त्यांची एकूण ऑलिंपिक पदके पाच आहेत : स्केटिंगमध्ये दोन सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य आणि सायकलिंगमध्ये एक रौप्य.

ऐतिहासिक महत्त्व

लुडिंग यांच्या आधी हिवाळी व उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदके मिळविणारे दोनच खेळाडू झाले होते : अमेरिकेचे एडी ईगन आणि नॉर्वेचे याकोब टुलिन थाम्स. हा मान मिळविणाऱ्या लुडिंग या पहिल्या महिला होत.

१९९२ पर्यंत हिवाळी आणि उन्हाळी ऑलिंपिक एकाच वर्षी होत असत. १९९४ च्या लिलहामर स्पर्धेपासून त्यांत दोन वर्षांचे अंतर ठेवण्यात आले. करोना साथीमुळे टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये गेले, तेव्हा कॅनडाचे विन्सेंट डी हेत्र यांनी तेथे सायकलिंगमध्ये आणि सुमारे सहा महिन्यांनी बीजिंग येथे स्पीड स्केटिंगमध्ये भाग घेतला. परंतु तेव्हाही कॅलेंडरचे वर्ष बदललेले होते.

खेळाडूच्या यशात संधीचा वाटा किती असतो, हे अमेरिकेच्या शीला यंग यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी १९७३ मध्ये स्केटिंग आणि सायकलिंग या दोन्ही खेळांत विश्वविजेतेपद मिळविले आणि १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन पदके जिंकली. त्या काळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सायकल शर्यतीच नव्हत्या; त्यामुळे सायकलिंगमधील ऑलिंपिक पदकासाठी त्यांना झुंजताच आले नाही. जपानच्या सेइको हाशिमोतो आणि नेदरलँड्सच्या लॉरीन व्हॅन रीसेन यांनीही दोन्ही खेळांत ऑलिंपिक गाठले. कॅनडाच्या क्लारा ह्यूज यांनी उलट दिशेने प्रवास केला : १९९६ मध्ये रस्त्यावरील सायकल शर्यतींत दोन कांस्यपदके मिळविल्यानंतर त्या स्पीड स्केटिंगकडे वळल्या आणि २००६ मध्ये तोरिनो येथे सुवर्णपदक जिंकल्या.

भारतीय संदर्भ

भारतात स्पीड स्केटिंग हा खेळ मुख्यतः चाकांच्या स्केट्सवर खेळला जातो. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर रिलेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळविली. पुरुष संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे यांचा समावेश होता. ट्रॅक सायकलिंगसाठी नवी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलात लाकडी धावपट्टीचे बंदिस्त वेलोड्रोम असून, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती तेथेच झाल्या होत्या.