खाचरातून वर गेलेला ठराव

१९८८च्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये लाखो माणसं अर्धपोटी होती आणि सरकार बाहेरच्या देशांकडे धान्य मागत होतं. पुढच्याच वर्षी या देशानं सुमारे १४ लाख टन तांदूळ परदेशी विकला. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की डोळे विस्फारतात. जमीन तीच, राबणारे हातही तेच. मग बदललं काय?

त्यासाठी आधी तिथल्या सहकारी शेतीचा हिशेब बघायला हवा. उत्तरेत साठच्या दशकापासून खाचरं सामुदायिक होती. घंटा झाली की लोक टोळीनं शेतावर जात. प्रत्येकाच्या कामाचे गुण वहीत मांडले जात आणि सरकारचा वाटा गेल्यावर उरलेलं भात त्या गुणांप्रमाणे वाटलं जाई. मन लावून खुरपणारा आणि बांधावर वेळ काढणारा, दोघांच्या नावावर सारखेच गुण. मात्र सुमारे पाच टक्के जमीन कुटुंबांकडे खाजगी वापरासाठी ठेवलेली होती, आणि तेवढ्याशा तुकड्यातून घरच्या कमाईचा केवढा तरी हिस्सा येई! ज्याचं उत्तर अर्थतज्ज्ञ शोधत होते, ते प्रत्येक घराच्या परसात उगवत होतं.

विन फुक प्रांताचे कम्युनिस्ट पक्षसचिव किम न्गोक यांना ते दिसलं. १९६६ मध्ये, अमेरिकेचे बॉम्ब पडत असताना, त्यांच्या प्रांतिक समितीनं ठराव केला: शेती सहकारी संस्थेचीच राहील, पण काम घरटी ठेक्यानं द्यायचं. ठरलेलं भात संस्थेला, वरचं शेतकऱ्याला. पीक वाढलं. तरीही १९६८ मध्ये पक्षाचे बडे सिद्धांतकार त्रुओंग चिन यांनी या प्रयोगावर कडाडून टीका केली. ठेका बंद झाला आणि किम न्गोक यांना लेखी आत्मटीका करावी लागली. १९७९ मध्ये ते वारले. त्यांचा सरकारी गौरव झाला तो मरणोत्तर.

गावांनी मात्र ठेका सोडला नाही, तो गुपचूप चालवला. हायफोंगजवळच्या दोआन सा गावात १९७७ मध्ये जमीन घरोघरी वाटून दिली गेली. अशा गावांची कोठारं भरू लागल्यावर १९८१ मध्ये पक्षानं निर्देश क्रमांक १०० काढला. नांगरट, पाणी, बियाणं संस्थेनं पाहायचं. लावणी, निगराणी, कापणी कुटुंबानं. उत्पादन चढलं. पण मग संस्थांनी ठरलेला हिस्साच वाढवत नेला. शेतकऱ्याच्या पदरात पुन्हा थोडंच पडू लागलं आणि कित्येकांनी ठेक्याची जमीन परत केली. हा टप्पा घाईनं ओलांडून जाऊ नये असं मला वाटतं. निर्देश तोच होता, पण शेतकऱ्याचा त्यावरचा भरवसा उडाला, आणि भाताचं उत्पादन पुन्हा अडखळलं.

१९८६ मध्ये महागाई वर्षाला ७०० टक्क्यांच्या वर गेली. जुलैत पक्षाचे सरचिटणीस ले दुआन वारले आणि त्यांच्या जागी कोण आले? तेच त्रुओंग चिन, वयाच्या ७९व्या वर्षी! आधीच्या काही वर्षांत त्यांनी प्रांतोप्रांती हिंडून कारखाने, शेतमळे स्वतः पाहिले होते. पक्षाच्या येऊ घातलेल्या अधिवेशनासाठी तयार झालेला अहवाल त्यांनी बाजूला ठेवून नव्यानं लिहायला लावला. ज्या माणसानं घरटी ठेका मोडून काढला, त्यानंच सुधारणांचं दार उघडलं. इतिहासात असं क्वचित घडतं, आणि त्यासाठी लागलेलं धैर्य मला किम न्गोक यांच्या धैर्याइतकंच मोठं वाटतं. डिसेंबरच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण मंजूर झालं आणि त्रुओंग चिन पदावरून बाजूला झाले.

एप्रिल १९८८च्या ठराव क्रमांक १० नं कुटुंब हाच शेतीचा मूळ घटक मानला आणि जमीन दीर्घ मुदतीनं कसायला दिली. १९८९ मध्ये बहुतेक भाव मोकळे झाले, ठेवींवरचं व्याज महागाईच्या वर नेलं गेलं. भाव वाढतील म्हणून दडवून ठेवण्यात अर्थ उरला नाही, आणि साठवलेला तांदूळही बाजारात आला. १४ लाख टनांचं कोडं असं सुटतं: थोडं नवं पीक, थोडी जुनी कोठारं.

१९९३च्या कायद्यानं कसणाऱ्याला आपला हक्क वारसाला द्यायची, दुसऱ्याच्या नावे करायची, गहाण टाकायची मुभा दिली. जमिनीची मालकी मात्र आजही ‘सर्व जनतेची’, म्हणजे व्यवहारात सरकारच्या हाती आहे. त्यामुळे कारखान्यांसाठी किंवा वसाहतींसाठी खाचरं घेतली जातात, तेव्हा भरपाईचा दर कोणी आणि कसा ठरवायचा यावरून तिथल्या गावांत अजूनही कडवे तंटे होतात.