ओटीवरचे इवलेसे बिऱ्हाड

कोकणातील घरात मुंगीशी आपले नाते आहे ते पाण्याच्या खंदकाचे. दुधाचे पातेले पाणी भरलेल्या ताटात ठेवायचे, जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करायचे, म्हणजे मुंग्या दूर राहतात. हाच खंदक उलटा वापरला, मुंग्या बाहेर ठेवण्याऐवजी आत ठेवण्यासाठी, तर वयोवृद्ध माणसाच्या हाती झेपण्याजोगा एक सांभाळ येतो.

अशा सांभाळाची गरज किती आहे, हे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत पाहावे. मुले मुंबई-पुण्याला, घरात आजी-आजोबा. आयुष्यभर ज्यांनी नारळी-पोफळी शिंपल्या, त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि कित्येकांच्या डोळ्यांदेखत वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळीचे रोप फळाला येण्यास काही वर्षे लागतात. पंचाहत्तरीत ते लावताना हात थबकतो. घरातील सारे अशा माणसाची काळजी घेतात. त्याने कोणाची घ्यावी, असे मात्र काही उरत नाही. ही पोकळी औषधाने भरत नाही.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. पासष्टीपुढील काही व्यक्तींना त्यांनी पिंजऱ्यात पाच रातकिडे सांभाळायला दिले. आठ आठवड्यांनंतर, केवळ आरोग्यविषयक सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे कमी झालेली आढळली. परिणाम माफक होता आणि कीटक रातकिडे होते, मुंग्या नव्हेत. तरीही लहानशा जिवाची जबाबदारी मनाला उभारी देऊ शकते, एवढे त्यातून दिसते.

आपल्या अंगणात यासाठी योग्य अशी एक मुंगी आहे. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, डोके काळपट, पोट व पाय दुधी. टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम हे तिचे शास्त्रीय नाव. ती डंख करीत नाही. चिरडली गेली, तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. ही तिची सोपी ओळख. गळालेल्या झावळीखाली, वाळक्या पोकळ काटकीत, कुंडीच्या बुडाशी तिचे बिऱ्हाड असते. एका वसाहतीत अनेक राण्या असतात.

मांडणी साधी आहे. काचेच्या परीक्षानळीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरून कापसाचा घट्ट बोळा बसवावा, म्हणजे उरलेल्या कोरड्या भागाला ओल मिळत राहते. नळीवर काळा कागद गुंडाळून ती उभट कडांच्या डब्यात आडवी ठेवावी. डब्याच्या कडेला आतून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि डबा पाण्याच्या ताटात ठेवावा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. नाहीतर इतका हलका जीव पाण्याच्या पृष्ठभागावरूनही चालत जाऊ शकतो. मग राणी, अंडी व कोश असलेली काटकी डब्यात अलगद ठेवावी. राणी कामकरी मुंगीपेक्षा थोडी मोठी असते. हे वाकण्याचे काम नातवंडांवर सोपवावे.

आठवड्यातून दोन-तीनदा साखरपाण्याचा एक थेंब आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा मेलेल्या माशीचा कण, एवढाच शिधा. उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बुरशी फार लवकर धरते. डबा उन्हात ठेवू नये आणि त्या खोलीत कीटकनाशक फवारू नये.

वाचनाचे भिंग घेऊन दहा मिनिटे बसले, की वेळ कसा जातो ते कळत नाही. पोटभर प्यालेली मुंगी उपाशी मुंगीच्या मुखाशी मुख लावून तिला भरविते. साखरपाण्यात खाण्याचा रंग मिसळला, तर तो पोटातून आरपार दिसतो. म्हैसूरच्या मोहम्मद बाबू यांनी काढलेली अशा रंगीत पोटांच्या मुंग्यांची छायाचित्रे २०११ मध्ये जगभर गाजली. इंग्लंडचे जॉन लबक यांनी तर दोन काचांमध्ये मुंग्या पाळून १८८२ मध्ये ग्रंथ लिहिला; त्यांच्याकडील दुसऱ्या जातीची एक राणी चौदा वर्षे जगली.

शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, शय्याव्रण, मधुमेहाची जखम किंवा अन्ननलिका असेल, तर त्या घरात हा छंद नकोच. बारीक मुंग्या ओलसर जखमेकडे धाव घेतात आणि रुग्णालयांत त्यांच्या अंगावर रोगजंतू आढळले आहेत. कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी स्वतः मुंग्या शोधायला जाऊ नये. झावळीखाली डंख करणाऱ्या जातीही असतात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला डब्याजवळ एकटे सोडू नये. डबा ओटीवर ठेवावा, स्वयंपाकघरात वा निजण्याच्या खोलीत नव्हे. खंदकातील पाणी रोज पाहावे. ही जात बिऱ्हाड हलविण्यात पटाईत आहे. परक्या मुलखातील मुंग्या विकत आणू नयेत.

आणि कंटाळा आला किंवा प्रकृतीने साथ सोडली, तरी अपराधी वाटण्याचे कारण नाही. जेथून आणली त्याच माडाखाली काटकी परत ठेवून द्यावी. मुंग्या आपला मार्ग शोधतात. तोवर सकाळच्या चहानंतर ‘आज त्यांना थेंब दिला का?’ असे आजोबांनी आजींना विचारावे. घरात आपल्यावर विसंबून असलेले कोणीतरी आहे, एवढ्यासाठी तो प्रश्न पुरेसा आहे.