चिंधीचं मोल

घरात शिवण निघालं की चिंध्या उरतातच. थोड्या पायपुसण्याला जातात, थोड्या गोधडीच्या बोचक्यात पडतात, बाकीच्या केरात! पण अमेरिकेहून आलेला एक नामवंत चित्रकार अहमदाबादेत अशाच चिंध्यांत महिनाभर रमला होता, हे ऐकून तुम्हांला गंमत वाटेल.

त्याचं नाव रॉबर्ट रॉशेनबर्ग. १९७५ साली कापडगिरणीवाल्या साराभाई कुटुंबाच्या आमंत्रणावरून तो सहकाऱ्यांसह आला आणि गांधी आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात काम करू लागला. तिथला कागद सुती चिंध्यांचा. त्या लगद्यात मेथीची पूड, चिंचोक्यांचं पीठ, खडूची भुकटी, डिंक नि मोरचूद कालवून ‘चिखल’ तयार झाला. त्याला बांबू, दोर, कापडाचे तुकडे जोडून त्याने कलाकृती केल्या. रद्दी नि मेथ्या कुटून टोपल्या लिंपणाऱ्या आपल्या आज्यांनी ‘यात नवल ते काय?’ असंच म्हटलं असतं!

इथली कापडं त्याच्या डोळ्यांत भरली. अंगावर एकच फडकं, पण तेही सुरेख गुलाबी रेशमाचं, असं माणूस पाहिल्यावर आपल्याला देखणेपणाचा संकोच वाटेनासा झाला, अशा अर्थाचं तो पुढे बोलला. आता, एका वस्त्रावर दिवस काढणं काही कौतुकाचं नव्हे. ते धुऊन वाळेपर्यंत काय करायचं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक! पण परतल्यावर त्याचं काम बदललं, हे खरं. १९७५-७६ मध्ये त्याने ‘जॅमर्स’ ही मालिका केली. त्यात बहुतेक नुसती रेशमी-सुती कापडं, शिवून भिंतीवर टांगलेली किंवा काठ्यांवर घातलेली.

कापडाचा हा संस्कार मुळात घरचाच. टेक्सासमधलं त्याचं बालपण ओढगस्तीचं. आई उरल्यासुरल्या तुकड्यांचे शर्ट शिवी. त्यांच्यात मृताला सूट घालून पुरतात. तिचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा कापड वाया जाऊ नये म्हणून तिने त्या सुटाच्या पाठीचं कापड काढून स्वतःला स्कर्ट शिवला! मुलाला मात्र शाळा संपल्याची भेट म्हणून हवा होता दुकानातला तयार शर्ट.

त्याचं १९५५ सालचं ‘बेड’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. कॅनव्हासऐवजी त्यात आहे उशी, चादर आणि तुकड्यातुकड्यांची गोधडी. चित्रकाराचं नाव जगाला ठाऊक आहे. गोधडी जुळवणाऱ्या हातांचं नाव मात्र चित्राखाली नाही.

मैत्रिणींनो, आपलंही असंच होतं. ‘बसल्या बसल्या केलंय हो’ असं आपणच म्हणून टाकतो, मग घरच्यांनी तरी कौतुक का करावं? रंगाला रंग जुळवायला, वीतभर कापडातून बाही काढायला पारखी नजर लागतेच की! तेव्हा यंदा गोधडी शिवाल, तर एका कोपऱ्यात आपलं नाव नि साल रंगीत दोऱ्याने जरूर काढा. नातवंडं ती पांघरतील, तेव्हा कुणी शिवली हे त्यांना विचारावं लागणार नाही.